मामांनी केलेली चेन घराण्याची चौकशी

देवाने माणसाला आडनाव दिले म्हणून बरे, नाहीतर माझ्या बायकोच्या मामांनी जगात कुणाशी ओळखच करून घेतली नसती. तुम्ही नाव सांगा, त्यांना ते ऐकूच येत नाही. "ते असू दे हो. आडनाव काय? मूळ गाव? कुलदैवत?" नाशिकहून दोह्याला येताना सामानात हे तीन प्रश्न त्यांनी सगळ्यात आधी भरले असावेत. तिथल्या मदिनत खलिफा वस्तीतल्या त्यांच्या घरी चहाला गेलेला नवखा मराठी माणूस पोहे संपायच्या आत आपल्याच खापरपणजोबांविषयी काहीतरी नवीन ऐकून उठतो. रत्नागिरीकडच्या एका शेजाऱ्याला त्यांनी आडनावावरून त्याचे गाव अचूक सांगितले, तेव्हापासून त्या घरून ईदला बिर्याणी येते. मामांचे स्वतःचे आडनाव मात्र मी लिहीत नाही, लिहिले की तुम्ही "कुठले?" विचारणार आणि गोष्ट राहील बाजूला. एवढेच सांगतो, की ते लावणारे घराण्यात आता मामा शेवटचे. एकुलती एक मुलगी, ऋता. "आमच्याबरोबर खलास!" असे ते हसत म्हणायचे आणि मग उगाचच उठून एसी कमीजास्त करायचे.

अशा माणसाच्या लेकीने एके दिवशी जाहीर केले, की तिला ऑफिसातल्या चेन या चिनी मुलाशी लग्न करायचे आहे. मामींनी देवापाशी दिवा लावला. मामांनी विचारले, "चेन हे नाव की आडनाव?"

"सरनेम, बाबा. त्यांच्यात सरनेम आधी सांगतात."

"आधी आडनाव? शहाणी माणसं दिसतात," मामा म्हणाले, पण होकार दिला नाही. कुळाची चौकशी झाल्याशिवाय मुलगी द्यायची कशी? आणि चीनमध्ये चौकशीला ओळखीचे कुणी नाही. शेवटी अरबांसारखे "यल्ला", म्हणजे चला, म्हणत मामा स्वतःच इंटरनेटवर बसले. पुढचे काही आठवडे ऑफिसला जाताना मला गाडीत फोनवर चेन घराणे ऐकावे लागले. फार पूर्वी म्हणे एका चिनी राजाने एकाला आपली मुलगी दिली आणि वर चेन नावाचा मुलूख दिला. पुढे राज्य बुडाले, वंशजांनी मुलखाचेच नाव लावले. "म्हणजे गावावरनं! आपल्यासारखंच!" मामा ओरडले, "आणि मूळपुरुष कोण, तर जावई!" मग कर्तबगार मंडळी आली. एका चेनने शेतमजुरी सोडून बादशहाविरुद्ध बंड केले, एकाने आडनावाचेच राजघराणे काढले, एका गावच्या चेन मंडळींनी ताय ची ही युद्धकला नावारूपाला आणली.

"आणि आपल्यात कोण?" मी विचारले.

"एक पोस्टमास्तर होते," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

शेवटी चेन चहाला आला. गोरागोमटा, लाजरा मुलगा. मामांनी त्याला त्याचे घराणे तासभर ऐकवले, तो बिचारा शाळेतल्यासारखा मान हलवत होता. मग मामा थांबले आणि खालच्या आवाजात इंग्रजीत विचारले, "म्हणजे लग्नानंतर आमची ऋता मिसेस चेन होणार?"

चेन गोंधळला. "नाही, अंकल. माझी आईसुद्धा चेन नाही. आमच्याकडे बायको वडिलांचंच आडनाव लावते. शेवटपर्यंत."

मामा उठले. मला वाटले, आता एसी. पण ते आतल्या दाराशी जाऊन म्हणाले, "अगं, शिरा टाक. जावई आलेत."

आता ऋता चीनमध्ये असते. दारावर पाटी लावायची तिथे फारशी पद्धत नसावी, पण मामांनी नाशिकहून तांब्याची करवून पाठवली. वर चेन, खाली मामांचे आडनाव, देवनागरीत. घर आता फार शांत वाटते, मामी म्हणतात. चहाला कुणी आले, की मामा फोनमधला त्या पाटीचा फोटो काढून पुढे धरतात, आणि समोरच्याचे आडनाव विचारायचे विसरून जातात.