सूर्याचे तुटलेले धागे

आईनं विणलेलं कोसा रेशमाचं उपरणं उलगडलं की त्याच्या वासासरशी मी आंधळगावच्या आमच्या अंगणात पोचतो.

कॉलेजातून मागून आणलेला छोटा वर्णपटमापक मी आईच्या हाती दिला होता. नळीतून पाहिलं की उजेडाचे रंग वेगवेगळे होऊन दिसतात, एवढंच सांगितलं होतं. आई मागावर विणायची. एक धागा तुटला तरी कापड घेणारा शेठ तिला बोलायचा.

तिनं आभाळाकडं नळी धरली, हरखली, आणि एकदम घाबरून ती मला परत दिली.

"मधात काळ्या रेघा हायेत. धागे तुटले बाप्पा! माह्या हातानं झालं काय?"

"नाही माय, सूर्याचेच तसे हायेत."

त्या रेघा म्हणजे सूर्यातल्या वायूंनी गिळलेला उजेड, हे आज मी वर्गात शिकवतो. आई मात्र तेव्हा आभाळाकडं बघत हळूच म्हणाली होती,

"मंग त्यालेही कोणी बोलत असंन."