डाव्या बाजूची रिंग

आमच्याकडे नुसतं ‘ऑपरेशन’ म्हटलं की एकच ऑपरेशन. बाकीच्यांना पुढे काहीतरी जोडावं लागतं, डोळ्याचं, मुतखड्याचं, अपेंडिक्सचं. ‘तिचं ऑपरेशन झालं’ म्हणजे बाईने पोरं बंद केली. पुरुषाचंही तसलं काही असतं, हे गावाच्या कानावरच नाही. मी एकदा विषय काढून बघितला. सासूबाई म्हणाल्या, “गड्याची ताकद जाती. मग गाडी काय तुझा बाप चालवनार?” माझे वडील वारलेले होते, पण सासूबाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

पहिली मुलगी, मग मुलगा. मुलगा झाला की बाईला परवानगी मिळते. एका ट्रस्टच्या दवाखान्यात फुकट शिबिर होतं, दुर्बिणीचं, म्हणजे टाक्यांची कटकट नाही आणि संध्याकाळी घरी. आम्हा बायकांना सतरंजीवर ओळीने निजवलं होतं. डॉक्टर बाहेरगावचा आणि फार घाईत. पोटात हवा भरली आणि डाव्या अंगाला अशी कळ गेली की ती थेट मांडीत उतरली. मी किंचाळले तर तो म्हणाला, “पोरं काढताना नव्हतीस का ओरडली?” नंतर नर्सने सांगितलं, दोन्ही नळ्यांना एकेक रिंग बसवलीय, आता जन्माची काळजी मिटली.

काळजी मिटली असेल, कळ मिटली नाही. हंडा उचलला की डावीकडे ओढ बसायची, गोठ्यात वाकले की घाम फुटायचा. सासूबाईंच्या लेखी तो कामचुकारपणा. “आमची पन ऑपरेशनं झाली, आमी न्हाई कन्हत बसलो,” हे ऐकत मी दीड-दोन वर्षं काढली. मग माझी पाळी चुकली. अशक्तपणा असेल म्हणून महिनाभर सोडून दिलं. शेवटी गावच्या आशाताईने लघवीची पट्टी तपासली आणि पट्टी खाली ठेवून माझ्याकडे न बघताच निघून गेली.

नवऱ्याचा टेम्पो होता. लिंबं आणि कांदे भरून तो मुंबईला जायचा, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर. त्या सकाळी तो अंगणात चाक खोलत बसला होता. मी समोर उभी राहून सांगितलं, “मला दिवस गेलेत.”

तो आधी हसला. “ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस जात्यात व्हय?” मग हसणं बंद झालं. “कुनाचं हाय?”

“तुमचंच. गाडी इंजिनच्या कामाला सोडली होती तेव्हाचं. महिनाभर घरीच होतात, आठवा की.”

आठवा म्हटलं, तिथेच चुकलं. चाकाचे नट सोडवायचा लोखंडी दांडा त्याच्या हातात होता, त्याला टॉमी म्हणतात. पहिला फटका पाठीवर बसला. दुसरा पोटावर येताना दिसला म्हणून मी डावा हात आडवा घातला. तुरीची वाळली काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि हात मनगटाच्या वर नको तिथे वाकला. त्याने केसांना धरून मला गोठ्यापर्यंत ओढत नेलं. तिथे लाथा घातल्या. मी गुडघे पोटाशी घेऊन शेणात पडून राहिले, म्हणून मूल वाचलं. सासूबाईंनी दोन्ही पोरांना आत घेतलं आणि कडी लावली. मला वाटलं, पोरांना दिसू नये म्हणून. छे! मी आत पळू नये म्हणून.

दवाखान्यात मी सांगितलं, गोठ्यात घसरून पडले. बायकांना तेवढं खोटं पाठच असतं.

मूल पाडता आलं असतं. पण पाडलं असतं तर गाव म्हणालं असतं, बाईने पाप लपवलं. मला राग आला होता, नुसता राग नव्हे, संताप. मी लपवणार नव्हते.

मग सासूबाईंनी भंडाऱ्याचा घाट घातला. आमच्याकडे खंडोबाचं मोठं आहे. ताटात बेलाची पानं आणि भंडारा, म्हणजे हळद, ठेवायची, तो हातात उचलून बोलायचं. बेलभंडारा उचलून खोटं बोलला त्याचं वाटोळं होतं, यावर गावात कुणालाच शंका नाही, चोरालाही नाही. भावकीतले चार म्हातारे येऊन बसले. माझा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. सासूबाईंनी ताट पुढे सरकवलं. “उचल, आन म्हन पोर नवऱ्याचं हाय.”

मी म्हणाले, “मी का उचलू? ज्याने रिंग बसवली त्या डॉक्टरला बोलवा, त्याला उचलू द्या.”

“बघा, उचलीना!” सासूबाईंनी माझ्या थोबाडीत मारली. ओठ दातावर फाटला. म्हाताऱ्यांपैकी एक, जरा शहाणा, म्हणाला, “ती उचलत न्हाई तर त्यानं उचलावं. पोर माझं न्हाई म्हनावं, की सुटला इषय.” सगळे नवऱ्याकडे वळले. तो उठला, चपला घातल्या, गाडी भरायची हाय म्हणाला आणि गेला. ताट तसंच राहिलं. लोक म्हणाले, गडी शरमेनं गेला, काय करील बिचारा. खरं सांगते, मलाही तेव्हा त्याची दया आली.

मी दोन्ही पोरं घेऊन राहात्याजवळच्या माहेरी आले. नवरा एकदा तिथेही आला, पोरं न्यायला. भावाने दार अडवलं आणि म्हणाला, “दाजी, आधी माझ्या बहिणीचा हात जोडून द्या.” दाजींनी त्याच्या छातीत डोकं घातलं. भावाने कुदळीचा दांडा उचलला. दोघं ओट्यावरून खाली पडले, एकमेकांचे गळे धरून. शेजाऱ्यांनी सोडवलं तोवर भावाची भुवई फाटली होती आणि नवऱ्याचा पुढचा दात मातीत पडला होता. मी तो दात उचलून उकिरड्यावर टाकला. मला जराही वाईट वाटलं नाही.

बाळंतपण अडलं, पोट फाडावं लागलं. कमरेखाली बधिर केलेलं, पण कान जागे होते. मुलगी झाली, रडली. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “आता नळ्या बांधून टाकते हं,” आणि वाकून बघू लागल्या. मग भूल देणाऱ्याला म्हणाल्या, “अहो, इकडे या, बघा. उजवी रिंग नळीवर आहे. डावी नळीवर नाहीच. शेजारच्या बंधावर बसवलीय.”

मी पडल्या पडल्या विचारलं, “बंध म्हणजे?”

“गर्भपिशवीला जागेवर धरून ठेवणारी दोरी असते. ती नळीजवळूनच मांडीच्या सांध्याकडे जाते. घाईत ओळखण्यात चूक होते. तुमची डावी नळी पहिल्या दिवसापासून मोकळी होती.”

म्हणजे वासरू सोडून खुंटालाच दावं बांधलं होतं! मला हसू फुटलं. पोट उघडं आणि बाई हसतेय. भूल देणारा घाबरून म्हणाला, हलू नका. पण मला थांबताच येईना. इतकी वर्षं मांडीत उतरणारी कळ खरी होती, दिवस खरे होते, मी खरी होते.

वकीलबाई नगरच्या. त्या म्हणाल्या, फुकट शिबिरातल्या ऑपरेशनसाठी ग्राहक न्यायालयात उभं करणार नाहीत, दिवाणी दावा लावू. फुकट कापलेल्या बाईला गिऱ्हाईक धरत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर आणि ट्रस्टवर दावा लागला. डॉक्टरीणबाईंनी साक्ष द्यायचं कबूल केलं. वकीलबाईंनी एकच अट घातली, नवराही वादी हवा. “तो नसला तर समोरचे म्हणतील, नवऱ्यालाच खात्री नाही.”

मी त्याच्या दारात जाणार नव्हते. जावंही लागलं नाही. भरपाईचा दावा लागतोय हे कळताच तो आपल्या पायांनी आला, इस्त्रीचा शर्ट घालून, दात बसवून. सही ठोकली. पाळण्यातल्या मुलीकडे एकदाही बघितलं नाही.

मला पैसे नको होते असं म्हणून थोरपणा दाखवणार नाही. हवे होते. पण त्याहून एक गोष्ट हवी होती. त्याने भरल्या कोर्टात, स्वतःच्या तोंडाने म्हणावं, पोर माझी आहे. सासरच्या गावात माझ्या मुलीला ‘ऑपरेशनवाली’ म्हणत होते. मोठी होऊन ती त्याचा अर्थ विचारणार होती. तिच्या बापाच्या तोंडचं एक वाक्य मला तिच्यासाठी हवं होतं.

दाव्यात वकीलबाईंनी माझ्या हाताचंही कलम घातलं होतं. रिंग चुकीची बसली म्हणून गर्भ राहिला, गर्भ राहिला म्हणून नवऱ्याला शंका आली, शंका आली म्हणून हात मोडला, सबब हाताचीही भरपाई डॉक्टरने द्यावी. मला ते फार आवडलं. थंडीत हात ठणकायला लागला की मी डॉक्टरला शिव्या घालायचे. नवरा मेला मूर्ख, पण फसलेला, असं मनाला सांगायचे. फसलेल्या माणसाला कधीतरी माफ करता येतं. तेवढी जागा मी ठेवली होती.

वर्षं गेली, मुलगी चालायला बोलायला लागली, तेव्हा कुठे साक्षी निघाल्या. आधी माझी. डॉक्टरचा वकील गोड बोलत होता. “ताई, दवाखान्यात तुम्ही सांगितलंत की गोठ्यात घसरलात. मग खोटं तेव्हा बोललात की आत्ता?” पुढे विचारलं, “भंडारा उचलायला तुम्ही नकार दिलात, खरं ना? खरी बाई नकार देईल का?” प्रत्येक प्रश्न मारल्यासारखा बसत होता, फक्त इथे पोट झाकायला हात आडवा घालता येत नव्हता. मूल कुणाचंही असो, रिंग तर दोरीवरच होती ना! पण त्याला रिंगबद्दल बोलायचंच नव्हतं. मला रडवून त्याला दावा बुडवायचा होता. मी रडले नाही. कठड्याची लाकडी कड मात्र नखांनी सोलून काढली.

मग नवरा उभा राहिला. ईश्वराला स्मरून खरं सांगेन वगैरे झालं. भाऊ मुलीला मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसला होता.

वकील म्हणाला, “तुम्ही बायकोला मारलंत, कारण मूल तुमचं नाही हे तुम्हाला ठाऊक होतं.”

उत्तराची वाट न बघता वकील पुढे म्हणाला,

“भावकीने तुमच्यापुढे ताट ठेवलं. पोर माझं नाही एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही उठून गेलात. का? घराण्याची अब्रू झाकायला?”

नवऱ्याने आमच्या वकीलबाईंकडे बघितलं. दावा हातातून चाललाय हे त्याला कळलं असावं. तो कठड्यावर पुढे झुकला आणि तावातावाने म्हणाला, “अब्रू न्हाई, साहेब. खोटा भंडारा उचलायचा कसा? पोर माझीच हाय. मला पयल्या दिवसापास्नं म्हाईत हुतं. गाडी इंजिनला सोडली हुती, मी घरीच हुतो की.”

कोर्टात कुणीतरी खोकलं. मग वकिलाने हळूच विचारलं, “माहीत होतं, तर मारलंत कशाला?”

नवऱ्याला प्रश्नच कळला नाही, असं त्याचं तोंड झालं. “मारलं नसतं तर गाव काय म्हनलं असतं? ऑपरेशन झालेली बायको पोटुशी, आन ह्यो गप? बायल्या म्हनले असते मला.”

मला हवं होतं ते वाक्य आलं होतं. पोर माझीच हाय. मुलगी मागे भावाच्या शर्टाच्या गुंड्यांशी खेळत होती. आणि मला एवढंच ऐकू येत होतं, पयल्या दिवसापास्नं. म्हणजे टॉमी उचलताना ठाऊक होतं. लाथा घालताना ठाऊक होतं की आपण आपल्याच लेकराला मारतोय. खंडोबाला भ्याला, माझं हाड मोडायला नाही भ्याला.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई खुशीत होत्या. साक्ष आपल्या बाजूने गेली म्हणाल्या.

“मॅडम, हाताचं कलम काढा,” मी म्हणाले.

“काय? अहो, दावा कमजोर होईल.”

“रिंग डॉक्टरवर राहू द्या. त्याला सोडू नका. हात डॉक्टरने मोडला नाही.”

नवरा मागे उभा होता. “येडी झाली का काय तू? येनारं बी घालवती!” म्हणत त्याने माझा हात धरला, डावा, नेमका सांधलेल्या हाडावर. मी वळून उजव्या हाताने त्याच्या तोंडात मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा भाऊ मध्ये पडला. बसवलेला दात सैल होऊन ओठाबाहेर आला होता. सगळं कोर्ट बघत होतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

फाटकाजवळ पोलीस उभा होता. मी पदर नीट केला, त्याच्याकडे गेले आणि विचारलं, फिर्याद कुठे द्यायची.

“कशाची?”

“नवऱ्याने हात मोडला त्याची.”

त्याने माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं. “कधी मोडला?”

“मोडून वर्षं झाली. कोणी मोडला, ते आज कळलं.”