हातावरची साखर

स्टुटगार्टला माझ्या घरमालकिणीच्या जिन्यात आफ्रिकेचा जुना नकाशा होता. त्यात टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मोठा भाग, अजून जर्मनांच्याच ताब्यात होता; पुढे तो इंग्रजांकडे गेला, तरी म्हातारीने नकाशा काढला नाही. माझ्या समोरच्या खोलीतला विद्यार्थी तिथलाच. १९६१च्या डिसेंबरात त्याचा देश स्वतंत्र झाला आणि घरात कुणी साधं अभिनंदनही केलं नाही. मला संताप आला. मी जाऊन त्याच्या हातावर साखर ठेवली. चहासाठी असेल असं वाटून तो कप शोधू लागला.

"आमच्याकडे चांगल्या बातमीला अशी देतात," मी म्हणालो.

"तुमच्या स्वातंत्र्याला तुला कुणी दिली?"

"आईनं."

त्याने मूठ मिटली आणि हळूच दार लावून घेतलं.

त्याची आई तिकडे दूर टांगानिकात होती. मित्राने दिली, असं सांगायला हवं होतं.