हिवाळी पाहुणे आणि युसूफभाईंचा हरभरा

‘हिवाळी पाहुण्यांचे स्वागत ही वऱ्हाडच्या मातीची परंपरा आहे,’ असे पक्षिमित्र मंडळाच्या निमंत्रणपत्रिकेवर सोनेरी अक्षरांत छापले होते. त्या वर्षांत ते खोटेही नव्हते. थंडी पडली की आमच्याकडे दोन प्रकारचे पाहुणे येत : हिमालयापलीकडून पक्षी, आणि मुंबई-दिल्लीहून शेतीच्या दुरवस्थेची पाहणी करणारी पथके. दोघेही थव्याने येत आणि ऊन तापू लागले की निघून जात. फरक इतकाच, की पक्षी आपल्या जेवणाची सोय स्वतः करत.

पत्रिकेत पुढे ‘किनारी पक्षिदर्शन’ असे होते. वऱ्हाडाला समुद्र नाही, म्हणून किनारा धरणाचा घेतला होता. मी अकोल्याहून निघालो आणि अमरावतीला अचलपूरची एसटी पकडली. माझ्या खिडकीला काच नव्हती. शेजारच्या म्हातारबाईंनी जानेवारीच्या वाऱ्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिले.

“कुठी चालले?”

“धरणावर. पक्षी पाहायला.”

“तुमच्या गावात पाखरं नाईत काय?”

“आहेत.”

“मंग?”

मी अचलपूरपर्यंत मफलर कानांवर ओढून बसलो.

तिथून जीपने धरणावर पोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. धरण बांधून बरीच वर्षे झाली होती, कालवे मात्र अजून यायचे होते. त्यामुळे पाणी निवांत पडून होते आणि त्यावर चक्रवाकांच्या नारिंगी जोड्या तरंगत होत्या. पाणी ओसरलेल्या भागात गाळपेर होती (उघड्या पडलेल्या गाळात एका हंगामापुरती केलेली शेती). काठाला लागून हिरवागार हरभरा, मध्ये मचाण, आणि मचाणावर रॉकेलचा रिकामा डबा घेऊन बसलेले साठीचे युसूफभाई.

त्यांनी काटक्या पेटवून ओले घाटे भाजले आणि माझ्यापुढे कागदावर ओतले. बोटे काळी झाली, पण तसा हरभरा मी पुन्हा खाल्लेला नाही.

“वरच्या वावरातला कापूस गेला औंदा,” ते म्हणाले. “घरात येईन तं हाच हरभरा. सोमवारी उपटाचा अन् बाजारात न्याचा. तोवर राखाचा.”

“कोणापासून?”

“तुमी ज्याइले पायाले आले, त्याइच्यापासून.”

ते पट्टकादंब होते, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी हंस. उजाडताच ते हरभऱ्यात उतरत, आणि युसूफभाई डबा बडवून त्यांना उठवत. आमचे हे बोलणे चालू असतानाच मंडळाचे अध्यक्ष, अमरावतीचे एक वकीलसाहेब, मचाणाखाली येऊन उभे राहिले. उद्या प्रमुख पाहुणे साडेसहाला येणार, तोवर डबा वाजवू नये, अशी त्यांची विनंती होती.

“हरभरा खातीन ना ते, साहेब.”

“दहा मिनिटांत काय खाणार? आणि आम्ही तुमचा सत्कार ठेवला आहे. ‘पक्षिमित्र शेतकरी’ म्हणून.”

युसूफभाईंनी डब्याकडे पाहिले. “साडेसहा म्हंजे साडेसहा. मंग मी वाजवीन.”

रविवारी सहालाच आम्ही मंडपात होतो. दुर्बीण एकच होती, तीही पाहुण्यांसाठी रुमालाने झाकून ठेवलेली. युसूफभाईंना गुलाबी फेटा बांधून मंचावर बसवले होते. समोर त्यांचा हरभरा होता. झुंजूमुंजू होताच पट्टकादंब उतरले आणि एका ओळीत, अगदी शिस्तीत, चरू लागले. मी मोजायला सुरुवात केली, पण साठच्या पुढे लाज वाटून थांबलो.

साडेसहा झाले. सातही वाजले. युसूफभाई उठले.

“वकीलसाहेब, मी येतो जाऊन. टाइम झाला.”

“आता कुठे जाता? पाहुणे यायच्या आधी सत्कारमूर्तीने मंच सोडायचा नसतो. फेटा बांधलाय तुम्हाला.”

“फेट्याले काय, तो येते ना सोबत.”

“गाव बसलंय समोर, युसूफभाई. चांगलं दिसत नाही.”

युसूफभाईंनी गावाकडे पाहिले आणि ते बसले. मी जाऊन हंस हाकलू का, असे विचारले. अध्यक्षांनी माझ्या छातीवरच्या ‘पक्षिमित्र’ बिल्ल्याकडे नुसते पाहिले. मीही बसलो. पोहे आले, ते आम्ही खाल्ले. समोर हंसांचेही चालू होते.

पावणेदहाला गाड्या दिसल्या. उत्साही कार्यकर्त्यांनी स्वागताची फटाक्यांची लड लावली. पहिल्याच आवाजाला सगळे हंस उठले आणि पाण्यावरून वळून धरणाच्या भिंतीपलीकडे गेले. चक्रवाकही गेले. प्रमुख पाहुण्यांनी दुर्बिणीतून बराच वेळ पाणी पाहिले आणि निसर्गाचे संवर्धन लोकसहभागाशिवाय होत नाही, असे सांगितले. मग युसूफभाईंना शाल आणि नारळ मिळाला.

टाळ्या संपल्यावर ते वावरात गेले. मी मागोमाग गेलो. काठाकडच्या ओळींत नुसते बुडखे उरले होते. त्यांनी एक उचकटून पाहिला.

“किती गेलं?” मी विचारले.

“जे ऱ्हायलं ते मोजा, लवकर व्हईन.”

परतीच्या एसटीत मी पक्ष्यांबद्दल काही उदात्त विचार करण्याचा प्रयत्न केला. हजारो मैल उडणारा जीव, त्याला ना देश ना सरहद्द, वगैरे. पण बोटांना अजून भाजलेल्या घाट्यांचा वास येत होता. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी आली, की एका शेतकऱ्याने पक्ष्यांसाठी स्वेच्छेने आपले पीक मोकळे सोडले.

पुढच्या हिवाळ्यात मी एकटाच, बिल्ल्याशिवाय गेलो. मचाण नव्हते. युसूफभाईंनी गाळपेरीत लसूण लावला होता. पट्टकादंब लसूण खात नाहीत.