ब्रेकचा दांडा

मी शिकवते त्या हसनाबादच्या शाळेतून परत येताना रोही आडवा आला. आमच्याकडे ही नीलगायीची जात तुरीतून अशी बाहेर पडते, की रस्ता तिच्याच नावावर असावा. मी गाडी वळवली आणि ती पुलाच्या कठड्यावर आदळली. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गाडीचं तोंड मात्र डावीकडून आत गेलं.

काही दिवसांनी विमा कंपनीचा फोन आला. फोटो बघूनच त्यांनी ठरवलं होतं, टोटल लॉस. दुरुस्तीला विम्यातल्या किमतीच्या पाऊण हिश्श्याहून जास्त खर्च येतोय, तेव्हा गाडी भंगारात आणि पैसे तुमच्या खात्यात. अभिनंदन तेवढं करायचं राहिलं.

मला नाही, पण दादाला ते पटलं. माझा थोरला भाऊ, एकाच घरात राहतो आम्ही.

"कशाला भांडून राह्यली? पैसे देऊन राह्यलेत तर घे. मी सोडत जाईन तुला."

लहानपणी पोलिओनं माझे दोन्ही पाय गेले. मी कुबड्यांवर चालते. ही गाडी मी हातानं चालवता येईल अशी करून घेतली होती. स्टिअरिंगजवळ एक दांडा आहे, ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. ही गाडी येण्याआधी दादाची आंघोळ झाली का, डबा भरला का, त्याचा मूड कसा आहे, यावर माझी शाळा ठरायची. त्याचं माझ्यावर प्रेम आहे, यात शंकाच नाही. पण त्या प्रेमाची वाट बघत मस्तगड भागातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून मी पस्तिशी ओलांडली. आता ही गाडी गेली तर दुसरी घरात कुणी येऊ देणार नव्हतं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी नाही म्हणाले. तेव्हा त्याच्या पोटातलं ओठावर आलं.

"पायानं ब्रेक मारता आला असता तर थांबली असती गाडी."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझे तळपाय चालत नाहीत, पण आग बराबर वर पोचते. त्याच्याशी मी बोलणं टाकलं आणि कंपनीकडे तक्रार केली. मग रोज फोन. तिकडच्या मुलीला माझा आवाज ओळखू यायला लागला, तेव्हा कुठे त्यांनी नुकसान तपासायला सर्व्हेअरला गॅरेजवर पाठवलं.

दादा न सांगता सोबत आला. मिस्तरी पहिल्यापासून सांगत होता, "ताई, एवढा खर्चा बिलकुल न्हाई येत. गाडी बनती." सर्व्हेअरनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दार उघडून त्यानं पेन आत रोखलं.

"हे बघा मॅडम. ब्रेकचा रॉड वाकून पार स्टिअरिंगपर्यंत वर आलाय. पॅडल, स्टिअरिंग, आतलं सगळंच बदलावं लागणार. अशी गाडी रस्त्यावर कशी सोडायची?"

मी बघतच राहिले. माझ्या पायांकडे बघून लोक 'काय झालं हो?' विचारतात, अगदी तोच सूर होता.

"ते मोडलेलं नाही," मी म्हणाले. "ते तसंच आहे."

"अहो, फोटोत स्पष्ट दिसतंय."

मी मिस्तरीकडे हात पुढे केला. "किल्ली द्या."

"पागल झाली का? उतर!" दादा ओरडला. तोवर मी बसले होते. तो दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभा राहिला.

"दादा, बाजूला हो."

तो हलला नाही.

अपघातानंतर त्या सीटवर मी पहिल्यांदाच बसत होते. खरं सांगते, सर्व्हेअरची भीती नव्हती. दादा खरा निघाला तर, ही होती. मी दांडा जरासा ओढला. चेपलेल्या पत्र्याला चाक घासलं, करकरत गाडी पुढे निघाली. दादाचा चेहरा काचेत मोठा होत गेला. मी दांडा ढकलला. गाडी जागच्या जागी थांबली, त्याच्या गुडघ्यांच्या हातभर अलीकडे.

सर्व्हेअर वाकला, आत डोकं घालून त्यानं दांडा स्वतः एकदा ढकलून पाहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "आरसीवर नोंद आहे का याची?"

"आरसीवर आहे. पॉलिसीवर पण आहे. वाचायची कुणी?"

पुढच्या आठवड्यात फोन आला. पॅडल आणि स्टिअरिंगचा खर्च वगळला होता. टोटल लॉस रद्द, दुरुस्ती मंजूर. मी ते वहिनीला सांगितलं, दादाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

तो ओट्यावर चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला.

"मंग," माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "रोही लईच जवळ आल्ता असंल."