बाबांचं अडकलेलं रेकॉर्डिंग

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. चेन्नईत शोळिंगनल्लूरला एका कंपनीत सपोर्टला आहे... लोकांचे हँग झालेले प्रोग्रॅम बंद करणं हाच माझा धंदा. इथे बिनधास्त लिहितेय, कारण माझ्या नवऱ्याला, रघूला, देवनागरी वाचता येत नाही. तंजावरकडचे मराठी हे. बोलणं मराठी, वाचणं तमिळ नाहीतर इंग्लिश. मी सांगलीची.

टी. नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सासरे, म्हणजे बाबा, लॅपटॉपसमोर बसून जुन्या आठवणी सांगायचे आणि मी रेकॉर्ड करायचे. एका सकाळी बोलता बोलताच ते कोसळले. त्यांना घेऊन धावलो, लॅपटॉप तसाच चालू राहिला. बाबा शुद्धीवर आलेच नाहीत. शेवटी व्हेंटिलेटर काढायला रघूने होकार दिला. एकुलता एक, दुसरं कोण देणार? तेव्हापासून त्याचं एकच — "घाई केलों का गे मी?"

तेरावं झालं तरी तो लॅपटॉपला हात लावू देईना. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम हँग, सेव्ह काहीच नाही. बंद केला तर बाबांचा शेवटचा आवाजही जाईल, ही त्याची भीती. एका दुपारी तोच म्हणाला, "कर बंद," आणि आत निघून गेला.

फुली दाबली, काही नाही. टास्क मॅनेजर उघडेना. मग कमांड लाइनवर जाऊन प्रोसेसचा नंबर शोधला, प्रोग्रॅम बंद करायची साधी कमांड, टास्ककिल, दिली... ढिम्म. पुन्हा तीच, या वेळी सक्तीने बंद करायची. एंटर. खिडकी गेली. प्रोग्रॅम परत उघडला, तर त्याने विचारलं, अर्धवट रेकॉर्डिंग आणू का? मला रडूच आलं. हेडफोन लावले.

बाबांचं बोलणं, खुर्ची पडली, आमची धावपळ. पुढे नुसती पंख्याची घरघर. सरकवत शेवटाला आले, तर कीबोर्डची टकटक... माझीच, आत्ताची. ठीक आहे, हँग होऊनही माइक चालू राहिला असेल. पण शेवटच्या एंटरच्या आधी, अगदी कानाशी, बाबा —

"थांब गे मानसी. माझं सरलं नाही अजून."

मी घाबरले, स्वतःसाठी नाही, रघूसाठी. हे ऐकून तो उभा राहिला नसता. शेवटचा तुकडा कापला, मूळ फाइल कायमची पुसली आणि उरलेलं त्याला दिलं. तो रोज ऐकतो. मीही तपासलं, त्यात ते वाक्य कुठेच नाही. मी कुणाजवळ एक अक्षरही बोललेली नाही.

परवा जेवताना त्याने भात कालवता कालवता हात थांबवला.

"बाबांचं काय सरायचं राहिलं होतं गे, मानसी?"

तुमच्यापैकी कुणाकडे याचं उत्तर असेल, तर मला ते नकोच आहे.