काहीच न खेळणारी मुलगी

“ही मुलगी काहीच खेळत नाही. आता फरक बघा.”

खेळाचे सर माइकवर बोलले. आठवीत होते मी. शाळेचा क्रीडा दिवस. पुढच्या खुर्च्यांवर पालक. बागायतदार, डॉक्टर, बँकवाले. कोणत्या खेळाने मुलांची फुप्फुसं किती मजबूत होतात, ते सर दाखवणार होते. त्यासाठी स्टेजवर एक पोहणारा, एक फुटबॉलवाला आणि मी. प्लास्टिकची नळी, तिच्यावर काटा. छाती भरून जोरात फुंकायचं.

पोहणाऱ्याने फुंकलं. काटा टोकाला. टाळ्या. फुटबॉलवाल्याचाही बराच वर गेला. मी फुंकलं. अर्ध्यावर अडकला.

“दिसलं ना? मैदानाची सवयच नाही.”

पालक हसले. मागे भिंतीशी एक बाई एकटीच जोरजोरात टाळ्या वाजवत होती. माझी आई. सातिवलीच्या कारखान्याच्या गाळ्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आलेली. माइकवरचं घुमणारं बोलणं तिला मागे नीट ऐकू आलं नव्हतं. पोरीला स्टेजवर बोलावलं, एवढंच दिसलं होतं.

मला मरून जावंसं वाटलं.

मी खेळत होते. रोज. मनवेलपाड्यात, चाळीमागच्या मैदानात, कबड्डी. दम घुमवत आत शिरायचे, दोघी-तिघींना मारून परत यायचे. शाळेच्या तलावात मात्र आम्हा मोफत कोट्यातल्या मुलांना उतरू देत नसत. त्याची फी वेगळी. पोहण्याच्या तासाला आम्ही बाकावर बसून इतरांचे टॉवेल सांभाळायचो.

आणि चाळीला लागून भंगारवाला वायरी जाळायचा. तो काळा धूर आमच्या खोलीत. थंडीत खोकून खोकून माझ्या बरगड्या दुखायच्या. हे सरांनी कधी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात सरांनी बोलावलं. दुसऱ्या एका शाळेत हाच कार्यक्रम होता, तिथेही मीच फुंकायचं होतं.

“सर, मी खेळते. कबड्डी.”

“ते गल्लीतलं गं. ते इथे धरत नाहीत.”

“मग मी फुंकणार नाही.”

 

मला वर्गाबाहेर उभं केलं. आईला बोलावणं गेलं. सरांनी तिला सगळं सांगितलं, स्टेजवरचंही. मग म्हणाले, “हिला माफी मागायला सांगा.”

आई माझ्याकडे वळली.

“म्हंजे लोक माझ्या पोरीला हसत होते, नि मी टाळ्या वाजवत होते?”

तिने पिशवी उचलली.

“ती माफी नाय मागनार,” आई म्हणाली आणि माझा हात धरून बाहेर पडली. रस्त्यात ती रडली. मी नाही.

दहावीपर्यंत शाळेने मला एकाही संघात घेतलं नाही. छाती अजून तशीच आहे. थंडीत श्वासाचा पंप लागतो.

आता चाळीमागच्या त्याच मैदानात मी चाळीतल्या मुलींना कबड्डी शिकवते. कुणाला धाप लागली की बसवते, पाणी देते, दम परत आला की पुन्हा उतरवते. यंदा तिथे टर्फ होणार म्हणतात. बाहेर गेट, तासाला भाडं. मापं घ्यायला माणसं आली होती. त्यातला एक म्हणाला, “पोरींनो, दुसरीकडे खेळा.”

“कुठे?” मी विचारलं. तो पुन्हा फीत धरून मापं घ्यायला लागला.

आम्ही हलणार नाही. रोज संध्याकाळी फक्की मारून रेषा आखू. बुलडोझर आला तर तो रेषेच्या बाहेर थांबेल. आत आम्ही असू.